खोलीत कोणी नसताना

घड्याळजींनी निवृत्तीनंतर बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपवर वेबसर्व्हर बसवायला घेतला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "हे रोज पुसावं लागेल का?"

लेक दूरदेशी नोकरीला जाऊन दोन वर्षं झाली होती. जाताना म्हणाली होती, "बाबा, कधीही उघडलं की घर दिसेल, असं काहीतरी करा." फोटो फोनवर धाडता आले असते, पण चाळीस वर्षं लोकांची घड्याळं खोलून जोडलेल्या माणसाला आयतं काही चालत नाही.

आठवड्याने लॅपटॉपवर घराच्या फोटोंचं वेबपान उमटलं. खिडकीतली कुंडी, जेवणाचं टेबल, लेकीची रिकामी खुर्ची. घड्याळजींनी शेजारीपाजारी सांगून टाकलं की आपलं घर आता साऱ्या जगाला दिसतं.

"बाबा, ते फक्त तुम्हालाच दिसतंय," लेक फोनवर म्हणाली. "बाहेरच्यांना राउटरमधून वाट करून द्यायला हवी."

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाले. वाट करून देताना घड्याळजींनी असं काही दाबलं, की घरातलंच इंटरनेट गेलं. ते परत आलं, तर सर्व्हरचा पत्ता बदललेला.

"घर जागचं हललं नाही, मग पत्ता कसा बदलेल?"

लेक हसली. ते हसू ऐकायला बायको हातातलं काम टाकून फोनजवळ येऊन बसायची.

पत्ता पक्का केला, तर पान रोज दुपारी गायब होऊ लागलं. तीन दिवस बापलेकीने डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी चोर सापडला. बायको खोली पुसून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करत होती.

"खोलीत माणूस नाही, मग चालू कशाला?" ती म्हणाली. हा त्या घराचा कायदाच होता.

बटणावर चिकटपट्टी लागली. सर्व्हर ठणठणीत चालू लागला आणि फोन बंद झाले. विचारायला काही उरलं नव्हतं, आणि कामात असलेल्या पोरीला उगाच कशाला अडवायचं? पान कोणी कधी उघडलं याची सर्व्हर ठेवत असलेली नोंद घड्याळजी रोज तेवढी वाचत.

"आज आली होती. चार मिनिटं होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बघून गेली."

"म्हणजे दारापर्यंत येऊन हाकही न मारता गेली," बायको म्हणाली.

असे दोन आठवडे गेले. मग एका दुपारी पान पुन्हा गायब झालं. घड्याळजी खोलीत गेले. बटण बंद होतं आणि चिकटपट्टी शेजारी नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"सवयीने झालं हो," बायको म्हणाली.

चिकटपट्टी काही सवयीने निघत नाही, हे घड्याळजींना कळत होतं. त्यांनी बटणाला हात लावला नाही. दोघंही फोनजवळ जाऊन बसले.

संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, बंद पडलाय ना?"

"हो गं. काय झालंय काही कळत नाही."

"असू दे. घाई करू नका," लेक म्हणाली. "दोन आठवडे वाट बघतेय मी, कधी बंद पडतो त्याची."