सोनाऊ राणीसाहेबांचा वजनकाटा

॥ श्री ॥ ज्याचे पारड्यांत दिवस आणि रात्र बरोबर बसतात त्या देवास आधीं दंडवत. लिहिणाराचा हात हलका राहो, नजर सरळ राहो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमीपासोन कार्तिक वद्य दशमीपावेतों एका तळ्याकांठचे राज्यांत जें घडलें तें लिहितों. राज्याचें नांव लिहूं नये ऐसी आज्ञा आहे, आणि खरें म्हणाल तर नांव कोणास नीट आठवतही नाहीं, कां कीं तेथें बाराही मास सकाळीं तळ्यावरोन धुकें वर येतें आणि महालांत शिरतें, आणि बगळे सदरेवर येवोन उभे राहतात, आणि माध्यान्हीपर्यंत लोक हळू बोलतात. राजे रुद्राजीराजे, वय सत्तरीचे पुढें. राणी सोनाऊसाहेब, चार वर्षांनी धाकट्या. उभयतांचा संसार पन्नास वर्षांचा, परंतु महाराज अद्याप राणीसाहेबांस पाहोन दाराशीं थबकत आणि मग आंत येत. राणीसाहेबांस नेम ऐसा कीं सकाळीं उठोन आपलें स्वप्न महाराजांस सांगावें, आणि महाराजांनी तें ऐकल्याखेरीज राज्यकारभारास हात घालूं नये. ऐसें सुखांत चाललें असतां त्या आश्विनांत राणीसाहेब जिना चढतां मध्येंच बसल्या, आणि हंसोन म्हणाल्या, “जिना लांब झाला वाटतें.” मग त्रिंबकशास्त्री वैद्य आले, आणि नाडी पाहिली, आणि म्हणाले, “राणीसाहेबांचें काळीज दमलें आहे, महाराज. दमल्या काळजास अंगांतलें पाणी पुरतें उपसवत नाहीं. तें पाणी डोळ्यांस दिसावयाचे आधीं वजनास दिसतें. तरी रोज सकाळीं वजन करावें. दोन तीन दिवसांत दोन किलो चढलें, तर तें अंग भरलें ऐसें समजों नये, तें पाणी समजावें.” महाराजांनी विचारलें, “आणि वेळेस न समजलें तर?” शास्त्रीबोवा खालीं पाहोन म्हणाले, “तर पाणी छातीस येतें. मग माझ्यानें कांहीं होणार नाहीं.” हें ऐकोन महाराज उठोन खिडकीशीं गेले आणि तळें दिसत नसतांही तळ्याकडे पाहत राहिले.

आतां वजन करावें तें कशावर, हा प्रश्न दरबारांत आला. कारभारी विसाजीपंत, मोठे मानी आणि रीतीचे पक्के, त्यांनी अर्ज केला कीं राज्यांत तुळा आहे, राणीसाहेबांस रोज गुळानें तोलावें. शास्त्रीबोवा म्हणाले, “गूळ धुक्यानें पाझरतो पंत, आज एक उद्या एक. मला राणीसाहेबांचें पाणी पाहणें आहे, गुळाचें नव्हे.” मग नव्या तऱ्हेचे वजनकाटे आणवले, त्यांत तीन दरबारास मानवले. पहिला रुपेरी, वर मोर काढलेला, पाय ठेवतांच गोड वाजे. दुसरा ऐसा कीं वजन सांगे, हाडें सांगे, मेद सांगे, शरीराचें वय सांगे, आणि राजज्योतिषी त्याचेसमोर हात जोडोन बसले ते उठेनात. तिसरा साधा काचेचा, रुंद, चार बुटके पाय, आणि उभें राहिलें म्हणजे आंत मोठे आकडे उजळावे, याखेरीज त्यास कांहीं येत नसे. तिघांत कोण खरा हें दरबारास ठरवेना, तेव्हां बाजारची भागू मापारीण बोलावली. ही बाई धान्य मापण्यांत जन्म गेलेली, आवाज मोठा, भीड कोणाची नाहीं. ती आपलीं लोखंडी वजनें पाटींत घालोन आली, आणि कोठीचे फरशीवर तिन्ही काटे मांडोन प्रत्येकावर वीस किलो ठेवी, काढी, पुन्हा ठेवी, ऐसें पांच वेळां केलें. मोराचा काटा एकदां एकोणीस बोलला, एकदां एकवीस. ज्योतिष्यांचा काटा वीसच बोलला, परंतु मधेंच रुसोन अंधारे, आणि लोखंडाचें वय तेवीस वर्षें सांगता झाला. साधा काटा पांचही वेळां वीस बोलला. भागू म्हणाली, “ह्योच घ्या. ह्याला नाचायला येत न्हाई, गायला येत न्हाई, पर मगाशी बोलला त्येच आता बोलतोय. आजाऱ्याच्या घरात येवढंच लागतं.” मग तिला लुगडें देवोन बोळवली आणि काटा राणीसाहेबांचे महालीं गेला.

पुढें वजन करण्याचा विधि ठरला तो ऐसा. पहांट फुटल्यावर, प्रातर्विधि आटोपल्यावर, मुखांत कांहीं घालण्यापूर्वीं, रोज एकाच वजनाचें सुती लुगडें नेसोन राणीसाहेबांनी काट्यावर उभें राहावें, हलूं नये, बोलूं नये, आणि आकडा स्थिरावला म्हणजे दासी तानाई हिनें मोठ्यानें वाचावा. दागिने उतरावे म्हणतां विसाजीपंतांस घाम फुटला, कीं राणी आणि अंगावर सोनें नाहीं ऐसें सात पिढ्यांत जाहलें नाहीं. त्यावर दोन प्रहर वाद होवोन मंगळसूत्र आणि पायींचीं जोडवीं तेवढीं राहिलीं. इतका सारा विचार जाहला, परंतु एका गोष्टीचा विचार कोणी केला नाहीं. राज्याची रीत ऐसी कीं राणीचें पाऊल उघड्या दगडावर पडूं नये. जेथें राणी जाईल तेथें आधीं पायघडी जाते. ती रीत इतकी जुनी कीं पायघडी ही वस्तु आहे ऐसें कोणास वाटतच नसे. म्हणोन तानाईनें पायघडी आंथरली, आणि पायघडीवर काटा ठेवला, आणि काट्यावर राणीसाहेब उभ्या राहिल्या, आणि आकडा आला साडेएकसष्ट. शास्त्रीबोवांनी तो मांडोन ठेवला. पायघडीचें सूत पातळ होतें, त्यानें फार बिघडलें नाहीं, आणि पंधरा दिवस रोज साडेएकसष्टच येत गेला, आणि महाराज रोज सकाळीं हसत सदरेवर येत.

मग दिवाळी आली. राणीसाहेबांस मीठ वर्ज्य होतें. परंतु चकलीची परात समोरोन जाते, आणि एक तुकडा मोडिला जातो, आणि मग दुसरा, हें माणसाचें घर आहे. भाऊबीजेस शास्त्रीबोवा तळ्यापलीकडे बहिणीकडे गेले, आणि जातां कोनाड्यांत पाणी उतरविणाऱ्या औषधाच्या पुड्या ठेवोन सांगोन गेले कीं दोन किलो चढले तर पुडी दुप्पट द्यावी आणि मला होडी पाठवावी. त्याच दिवशीं थंडी पडली. तृतीयेस राणीसाहेब काट्यावर चढतां शहारल्या, कीं पायघडींतोन दगडाचा गारठा वर येतो. तेव्हां महाराज स्वतां वांकले, आणि कोणास हात लावूं न देतां पायघडीची दुहेरी घडी केली, आणि काटा वर ठेवला. चतुर्थीस त्यांनी आपली शाल काढोन खालीं घातली. पंचमीस घोंगडीही घातली. राणीसाहेब म्हणाल्या, “आतां कसें ढगावर उभें राहिल्यासारखें वाटतें.” आणि आकडा? तृतीयेस साडेएकसष्ट, चतुर्थीस एकसष्ट आणि सहा दशांश, पंचमीस पुन्हा साडेएकसष्ट. कारभाऱ्यांनी नगारा वाजविला. परंतु राणीसाहेबांचीं स्वप्नें त्या दिवसांत पालटलीं. तृतीयेस त्या म्हणाल्या, “आज तळें महालाच्या पहिल्या पायरीस लागलें होतें. पाणी ऊन होतें.” चतुर्थीस म्हणाल्या, “आज पांचवी पायरी. बगळे आंत पोहत होते आणि कोणी त्यांस हांकीत नव्हतें.” पंचमीस तळें माजघरांत आलें आणि देव्हाऱ्यांतले दिवे न विझतां तरंगोन गेले. राणीसाहेबांची उशी एक होती तिच्या तीन जाहल्या, आणि महाराजांनी कारण पुसतां राणीसाहेब म्हणाल्या, “उंचावरोन स्वप्न बरें दिसतें.” महाराज ऐकत आणि मंत्रावल्यासारखे बसोन राहत. हें लिहिणारा मीही तेथेंच होतों आणि स्वप्नें सुंदर म्हणोन उतरोन घेत होतों, याची लाज मला अद्याप आहे.

षष्ठीस सकाळीं तानाई महाराजांपुढें येवोन उभी राहिली आणि पदर चावूं लागली. महाराज म्हणाले, “बोल.” ती म्हणाली, “राणीसाहेबांचीं जोडवीं निघत नाहींत, जी. बोटांत रुतलीं आहेत. मीं तेल लावोन पाहिलें.” विसाजीपंत म्हणाले, “काटा साडेएकसष्ट सांगतो. जोडव्यांवर राज्य चालवावें काय?” इतक्यांत आंतोन राणीसाहेबांनी हांक मारली, आणि ती हांक अर्ध्यांत तुटली, आणि मध्यें त्यांनी श्वास घेतला, आणि मग उरलेली हांक आली. महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी तसेच भागूस आणवलें. भागू पाटी घेवोन महालीं आली, काटा पाहिला, आणि त्याखालीं पाहोन म्हणाली, “ह्यो बिछाना कुणाचा?” तिनें वीस किलो लोखंड काट्यावर ठेवलें. आकडा उजळला, पंधरा आणि सात दशांश. मग तिनें घोंगडी ओढली, शाल ओढली, पायघडी ओढली, आणि काटा उघड्या दगडावर ठेवोन तेंच लोखंड वर ठेवलें. वीस. भागू म्हणाली, “काटा चार पायावं उभा ऱ्हातो, महाराज. पायाखालचं दबलं की त्येला भार पुरता कळत न्हाई. म्या कदी कापडावं माप घेतलंय व्हय?” विसाजीपंत डोळे मिटोन उभे राहिले, कां कीं राणीसाहेब पलंगावरोन उतरल्या होत्या, आणि तानाईचा हात धरोन उघड्या दगडावर चालत येत होत्या, आणि सात पिढ्यांत तो आवाज कोणी ऐकिला नव्हता, राणीचे तळपाय फरशीवर वाजतात तो. त्या काट्यावर उभ्या राहिल्या. हालल्या नाहींत, बोलल्या नाहींत. तानाईनें आकडा पाहिला आणि तिच्यानें वाचवेना. तेव्हां महाराज गुडघ्यांवर बसले आणि आपण वाचिला. सहासष्ट.

पुडी कोनाड्यांत होती. चार दिवस तेथेंच होती, हातभर अंतरावर. ती दुप्पट दिली, आणि होडी सोडली, आणि धुक्यांत वाट चुकूं नये म्हणोन कांठावर शिंगें वाजवीत राहिले, आणि तिसरे प्रहरीं शास्त्रीबोवा आले. त्यांनी छातीस कान लावला आणि म्हणाले, “उद्यां आलों असतों तर व्यर्थ आलों असतों.” महाराज दाराबाहेर जावोन भिंतीस टेकले आणि रडले, आणि कोणापासोन लपविलें नाहीं. सप्तमीस काटा उघड्या दगडावर पांसष्ट सांगता जाहला, नवमीस चौसष्टांचे आंत, आणि तळें स्वप्नांतही एक एक पायरी उतरलें, आणि पौर्णिमेस जोडवीं निघालीं. तेव्हां विसाजीपंत मजकडे आले आणि कानाशीं म्हणाले, “बखरेंत ऐसें लिहा कीं काटा खोटा निघाला, महाराजांनी तो ओळखिला आणि तळ्यांत टाकविला. राजाच्या हातून राणीस अपाय होत होता, हें पुढच्यांनी वाचूं नये.” मीं भिवोन तसें लिहिलेंही आणि वद्य दशमीस महाराजांपुढें वाचिलें. राणीसाहेब शेजारीं बसल्या होत्या, पाय उघडे, दगडावर. महाराज ऐकोन म्हणाले, “खोडा. काटा खरा होता. घडी आम्हीं घातली, शाल आमची होती. माया होती म्हणोन घातली, हेंही लिहा, परंतु घातली हें आधीं लिहा.” मग त्यांनी राणीसाहेबांकडे पाहिलें आणि म्हणाले, “तुमचे पाय गार पडतात, हें मला पाहवत नव्हतें.” राणीसाहेब म्हणाल्या, “पडूं द्या गार. आहेत तोंवर पडतील.”

सारांश, काटा साधा घ्यावा, एकच घ्यावा, कठीण सपाट जमिनीवर ठेवावा, आणि रोज एकाच वेळीं, अनशा पोटीं, त्यावर उभें राहावें. त्या राज्यांत आतां हीच रीत आहे, आणि रोज सकाळीं महाराज पादत्राण काढोन राणीसाहेबांशेजारीं दगडावर उभे राहतात आणि आकडा स्वतां वाचतात, जो असेल तो. लेखनसीमा.