ओसरीची घरपट्टी

निजामाच्या राज्यात इन्कमटॅक्स नवा नवा आला, तेव्हा जाफराबादेत पहिली नोटीस समोरच्या रखमाजी आडत्याला आली. मार्तंडराव वकिलांच्या घरी त्या दिवशी कुणी जेवलं नाही. म्हणजे मार्तंडराव जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी रमाबाई पोटभर जेवल्या.

"कापूस विकणाऱ्याला नोटीस अन् वकिलाला न्हाई. गाव काय म्हणल?"

"गाव म्हणल, सुटले बिचारे," रमाबाई म्हणाल्या.

पण इज्जतीचा सवाल होता. मार्तंडरावांनी कुणी न मागता विवरणपत्र भरलं आणि मिळकतीचा आकडा असा फुगवला, की लिहिताना त्यांना स्वतःविषयी आदर वाटू लागला. मग त्यावरचा कर पाहून घाम फुटला. उपाय एकच होता, आधी भरलेले कर मिळकतीतून वजा करायचे. शेतसारा, घरपट्टी आणि चिखलीहून सासऱ्यांनी धाडलेल्या आंब्यांवर नाक्यावर भरलेली करोडगिरी, म्हणजे जकातसुद्धा त्यांनी लिहून टाकली.

थोड्याच दिवसांत करखात्याचे साहेब पाहणीला येत असल्याचा निरोप आला. वकिली घरात चालते असं दिसल्याखेरीज घरपट्टी वजा होणार नव्हती. आणि वकिलीच्या ओसरीत तर, गोठ्याचं छप्पर कोसळल्यापासून, रमाबाईंची म्हैस उभी होती. मार्तंडरावांनी ती परसात बांधली, शेण काढलं, टेबल मांडलं आणि शेजारच्या कडूबाला चार सोबत्यांसह पक्षकार म्हणून बसवलं.

दिवस कलताना साहेब आले. त्यांनी यादी वाचली.

"शेतसारा वजा न्हाई होत. शेतीच्या कमाईवर हा टॅक्सच न्हाई. अन् हे आंबे? कोर्टात पेश केल्ते का?"

"न्हाई. खाल्ले."

"मंग न्हाई. धंद्यापायी भरला तोच कर वजा." साहेबांची नजर ओसरीवर फिरली. "मगर वकीलसाब, इतकी गर्दी? तुम्ही तर मिळकत कमी दाखवून राह्यले."

साहेबांनी आकडा वाढवायला दौत पुढे ओढलीसुद्धा.

"साहेब, हे पक्षकार न्हाईत," मार्तंडराव घाईनं म्हणाले. " मीच बसवलेत. आकडाही माझ्या मनचाच आहे."

"बिलकुल खरंय," कडूबा मदतीला धावला. "यांच्याकडं कोण येतंय? माझा बांधाचा दावा हरले, तवापासून म्या बी येत न्हाई."

बाकीच्यांनीही आपापले हरलेले दावे सांगितले. इतके एकमताचे साक्षीदार मार्तंडरावांना कोर्टात कधी मिळाले नव्हते. आत रमाबाई सगळं ऐकत होत्या, त्यामुळे मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात म्हैस दावं तोडून आली आणि सवयीनं टेबलाशेजारी उभी राहिली. मागोमाग तिची रेडी, चरवी घेतलेल्या रमाबाई आणि दुधाची गिऱ्हाइकं आली.

"जरा सरका," रमाबाई म्हणाल्या. "धारेची वेळ झाली."

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, दूध विकता?"

"मंग घर कशावर चालतंय?"

साहेबांनी दोघांची खरी मिळकत विचारून घेतली. कर दोघांनाही लागत नव्हता, पण रमाबाईंना थोडक्यात हुकला होता.

"टॅक्स लागला असता तर घरपट्टी बराबर वजा झाली असती," साहेब उठताना म्हणाले. "मगर बाईंच्या नावावर. ओसरीत धंदा म्हशीचा आहे."

ते जाताच रखमाजीनं समोरून हाक दिली, "काय वकीलसाहेब, लागला का टॅक्स?"

मार्तंडरावांनी टेबलावरचा कागद चघळणाऱ्या रेडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"यंदा न्हाई," ते म्हणाले. "ही व्याली, की आमच्याही घरी येईल नोटीस."