जुळाऱ्याची फुली

माझ्या मेव्हण्याच्या उजव्या हाताची तर्जनी छापखान्यातल्या ट्रेडल यंत्रात चिरडली. त्याबद्दल भरपाई कार्यालयाकडे दोन अर्ज गेले, आणि दोन्ही अर्जांत डाव्या हाताची तर्जनी चिरडलेली होती.

दोन्ही अर्ज मी भरले होते. मी प्रयोगशाळेत तराजू तपासण्याचे काम करतो. ग्रॅमचा दहाहजारावा भाग इकडचा तिकडे झाला तरी तो माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि मी भरलेला अर्ज आजवर कुठूनही परत आलेला नाही, हे मी अपघाताच्या दिवशीच सर्व नातेवाइकांना सांगून ठेवले होते.

मेव्हणा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे, अक्षरांचे ठसे, एकेक उचलून मजकूर जुळवणारा. छापखाना लहान, त्यामुळे यंत्रावर कागदही तोच लावतो. उजव्या हाताने कोरा आत, डाव्याने छापलेला बाहेर. त्या दिवशी उजव्या हाताला परतायला अर्धा सेकंद उशीर झाला. बोट वाचले, पण ते आता वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या बोटाने खिळा उचलता येत नाही. भरपाई मिळाली नाही, तर तीस वर्षांच्या कामानंतर त्याच्या हाती एक सरळ बोट तेवढे उरणार होते.

अर्जाच्या शेवटी दोन हातांचे रेखाचित्र होते. टेबलावर पालथे ठेवलेले, नखांसकट. दुखापतीच्या जागी अर्जदाराने स्वहस्ते फुली करायची होती. मी उजव्या तर्जनीवर पेन्सिलीने बारीक ठिपका दिला, त्यावर शाईने फुली कर असे मेव्हण्याला सांगितले आणि चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तोवर अर्जाच्या तीन समान घड्या होऊन पाकीट चिकटलेलेही होते. एका हाताने घातलेली इतकी नेटकी घडी मी पाहिली नव्हती. तसे मी बोलूनही दाखवले.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. मी कार्यालयात जाऊन खिडकीतल्या बाईंना वाचनाची मूलतत्त्वे समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे कागद माझ्यासमोर सरकवला.

"अपघाताच्या दाखल्यात उजवा, चित्रात डावा. माणूस एकच आहे ना?"

फुली खरोखरच डाव्या हातावर होती. माझ्या ठिपक्याचा मागमूस नव्हता. ठिपके आपोआप नाहीसे होत नाहीत. तेव्हा कार्यालयात कोणीतरी कागदांत फेरफार करते, असा सिद्धान्त मी मांडला. सिद्धान्त तपासायला हवा, म्हणून दुसऱ्या अर्जाच्या वेळी ठिपका ठळक केला, आणि मेव्हण्याने चिकटवलेल्या पाकिटावर लाखेची मोहोर उमटवली. पाकीट स्वतः नेऊन बाईंसमोर उघडायला लावले. मोहोर शाबूत होती. फुली डाव्या हातावर होती.

बाईंनी प्रकरण वैद्यकीय तपासणीकडे पाठवले. हे न्याय्य आहे असे मी म्हणालो; हात बोलेल. पण डॉक्टरांनी अर्जात नोंदवलेला हातच तपासायला घेतला. मेव्हण्याने पट्टी बांधलेला उजवा हात पुढे केला, तेव्हा तो टेबलावरून काढा, लिहायला जागा राहत नाही, असे त्यांनी सांगितले. अहवाल आला: डावी तर्जनी पूर्ण बरी, सोमवारपासून यंत्रावर काम करण्यास हरकत नाही. आक्षेप असल्यास शुक्रवारपर्यंत नवा अर्ज करावा.

मेव्हणा अहवाल वाचून म्हणाला, "भाऊजी, छपाई मात्र स्वच्छ आहे हो."

त्या संध्याकाळी मी बायकोला शाईच्या रासायनिक गुणधर्मांविषयी माझा तिसरा सिद्धान्त सांगत होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"दादा फुली करतो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

मी आठवून पाहिले. दोन्ही वेळा मी चहा टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या चित्राच्या दहा कोऱ्या प्रती काढल्या, प्रत्येकीवर उजव्या तर्जनीवर ठिपका दिला आणि मेव्हण्यासमोर खुर्ची ओढून बसलो. त्याने पहिली प्रत घेतली, खिशातून रबर काढले, माझा ठिपका पुसला, भुकटी फुंकली आणि डाव्या तर्जनीवर अतिशय सुरेख फुली केली. दहापैकी दहा.

मी कारण विचारले. तो अवघडला.

"तुमचा ठिपका दर वेळी उलट्या बाजूला पडतो, भाऊजी. सुधारून घेतला. तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून बोललो नाही."

"उलट्या? हा उजवा हात आहे. ठेवून बघ त्यावर."

"आत्ता उजवा दिसतो. पण हा ठसा ना? खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, तसा. छापल्यावर तो डावा येणार."

हे चित्र छापूनच आले आहे, आता ते पुन्हा छापले जाणार नाही, असे मी त्याला पटवले. त्याला ते पूर्णपणे पटले. मी आणखी एक प्रत काढून ठिपका दिला; त्या अकराव्या प्रतीवरही त्याने फुली केली ती डाव्या हातावरच. हाताला ते पटले नव्हते; तो समोरचा ठिपका उलटाच लावत होता.

शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता. नव्या अर्जावर मी ठिपका डाव्या तर्जनीवर दिला आणि गप्प बसलो. मेव्हण्याने माझ्याकडे दयेने पाहिले, ठिपका पुसला आणि उजव्या तर्जनीवर फुली केली. या वेळी मी चहा टाकला नाही.

अर्ज स्वीकारला गेला. नव्या तपासणीत डॉक्टरांनी टेबलावर उजव्या हातासाठी जागा केली. भरपाई मंजूर झाली. फक्त आधीच्या दोन अर्जांतल्या विसंगतीचे कारण लेखी द्या, असे बाईंनी सांगितले. रकाना दोन ओळींचा होता. मी लिहिले:

"अर्जदार जुळारी असल्याने तीस वर्षे प्रत्येक गोष्ट उलटी लावत आला आहे, फुलीही त्याने तशीच लावली. अर्ज भरणाऱ्याने पाकीट बंद होण्यापूर्वी अर्ज एकदाही पाहिला नाही."