रिमोट साहेबांच्या खिशात

"आजपासून एसीच्या रिमोटला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही!" युनिटसाहेबांनी जाहीर केलं आणि रिमोट शर्टाच्या खिशात टाकला. बायकोने वीजबिलाकडे पाहिलं, आईने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

युनिटसाहेब हे नाव ऑफिसने ठेवलेलं. कुठल्याही विषयावर बोलणं निघो, दुसऱ्या वाक्याला हा माणूस विजेच्या युनिटवर येई. त्यांची बदली झाली होती त्या परदेशात वर्षाचे बारा महिने उन्हाळा असे आणि उरलेल्या वेळात उकाडा. कंपनी घर देई, गाडी देई, वीजबिलही भरी, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. वरची रक्कम पगारातून कापली जाई आणि ते कापायचं काम हिशेब विभागात, म्हणजे युनिटसाहेबांच्याच टेबलावर होई. दर महिन्याला आपल्याच हाताने आपल्याच पगाराला कात्री लावायची! काळजाला घरं पडायला एवढं पुरेसं होतं.

त्यातच आई चार महिने राहायला आली होती. आल्या आल्या तिची मान आणि पाठ घामोळ्याने भरून गेली.

"अरे, दुपारचा थोडा वेळ लाव की तो एसी," ती म्हणाली. "अंगाची नुसती लाही लाही होते."

"आई, ही सगळी सवय असते. आपल्या जुन्या घरी होता का एसी?"

"तिथे दारात झाड होतं."

सहाव्या मजल्यावर झाड आणणं शक्य नसल्यामुळे विषय तिथेच संपला.

युनिटसाहेबांची योजना सोपी होती. रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं आणि पहाटे एसी टायमरवर आपोआप बंद व्हायचा. पण हिशेब तपासण्यात हयात घालवलेला माणूस यंत्राच्या शब्दावर थोडाच विश्वास ठेवतो! ऑफिसला निघताना ते बॅग खांद्याला लावून झोपायच्या खोलीच्या दारात उभे राहत, हात लांब करून रिमोट दाबत, एसीने 'टिंग' केलं की समाधानाने दार ओढून घेत आणि रिमोट खिशात घालून चालू लागत. रिमोटचा पडदा खराब होऊन त्यावर काहीच दिसेनासं झालं होतं, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त त्या टिंगवर होती.

महिनाअखेरीला बिल आलं. ते वाढलं होतं.

साहेबांनी आंघोळीचं गरम पाणी बंद केलं. पुढचं बिल आणखी वाढलं. मग इस्त्री कपाटावर गेली आणि साहेब चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जाऊ लागले. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते मोठ्याने सांगायचं, असा नियम निघाला. शेजारी आपली वीज चोरतो की काय, या संशयाने ते जिन्यातल्या मीटरसमोर इतका वेळ उभे राहिले की शेजाऱ्यानेच घाबरून चौकीदाराला बोलावलं.

या सगळ्यात नवल होतं ते बायकोचं. इतके निर्बंध आले, पण बाई कशी प्रसन्न! आणि आईचं घामोळं तर पंधरवड्यात पार नाहीसं झालं. उलट एके संध्याकाळी ती शिंकताना दिसली.

"या उकाड्यात सर्दी?" साहेबांनी विचारलं.

"हवा बदलली ना रे," आई म्हणाली आणि लगबगीने शाल घडी करून ठेवू लागली.

इकडे चुरगळलेल्या शर्टाची कीर्ती मोठ्या साहेबांपर्यंत पोचली. सगळ्याच घरांची वीजबिलं कंपनीच्या डोक्यावर बसली होती. "तुमच्यासारखा माणूस हवा," मोठे साहेब म्हणाले. "रविवारी आम्ही तुमच्या घरी येतो. तुमची पद्धत दाखवा. पटली तर तुम्हीच आमचे वीजबचत प्रमुख. आणि हो, प्रमुखाला बिलाची मर्यादा दुप्पट असते."

मर्यादा दुप्पट! साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बिल सोडून बाकी सगळं दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी मोठे साहेब आणि ऑफिसातली चार माणसं घामाघूम होत घरात शिरली. युनिटसाहेबांनी बंद इस्त्री दाखवली, थंड पाण्याची बादली दाखवली, शेवटी आईलाच पुढे केलं.

"ही माझी आई. एसीशिवाय घामोळं बरं झालं! शरीर आपोआप तयार होतं."

आईने पदर तोंडाला लावला.

"आता मुख्य गोष्ट," म्हणत त्यांनी सगळ्यांना झोपायच्या खोलीत नेलं. "घरातून निघताना मी रोज न चुकता असं करतो." हात लांब झाला. टिंग!

एरवी या क्षणी दार लागायचं. आज मात्र सगळे तिथेच उभे होते. एसीची झडप सावकाश उघडली आणि गार वाऱ्याचा झोत थेट मोठ्या साहेबांच्या टकलावर आला.

"बिघडला वाटतं," युनिटसाहेब पुटपुटले.

"बिघडतोय कशाला?" आई म्हणाली. "रोज असाच तर लागतो. तू गेलास की."

टायमरने पहाटे बंद केलेला एसी आपण रोज सकाळी स्वतःच्या हाताने चालू करून जात होतो, हे युनिटसाहेबांच्या हळूहळू ध्यानात आलं.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?" ते बायकोवर उसळले.

"पहिल्याच दिवशी फोन करणार होते. बघते तर भर दुपारी आई पलंगावर गाढ झोपलेल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा! आणि रिमोटला हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत." ती जरा थांबली. "तुम्ही यायच्या आधी भिंतीवरचं बटण एकदा बंद करून पुन्हा लावायचे, म्हणजे एसी बंद व्हायचा, एवढंच."

मोठे साहेब तोवर पलंगावर ऐसपैस बसले होते. "पद्धत उत्तम आहे," ते डोळे मिटून म्हणाले. "फक्त प्रमुख दुसरा बघू."

पाहुणे गेल्यावर युनिटसाहेब रिमोट हातात धरून बसून राहिले. पद गेलं, अब्रू गेली, आणि घरातल्यांनी मिळून आपल्याला मामा बनवलं, याचं वाईट तर वाटतच होतं. पण त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. सख्ख्या आईला दुपारची झोपही आपल्यापासून लपवून घ्यावी लागली होती.

सोमवारी सकाळी ते बॅग लावून खोलीच्या दारात उभे राहिले. टायमरने आपलं काम चोख केलं होतं, एसी बंद होता. बाहेरच्या खोलीत आई वर्तमानपत्राने वारा घेत बसली होती. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

साहेबांनी हात लांब केला.

टिंग.

"एसी बंद केलाय हं!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले आणि दार ओढून घेतलं.

"बरं केलंस," आईने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं.

पायात बूट चढवता चढवता ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि आई, दुपारी शाल घेत जा."