शनिवार पेठेतला लाल ठिपका

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना गोपाळकृष्ण खांबेटे यांनी दाढी आटोपली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि टेबलावरच्या मोबाइलसमोर खुर्ची ओढून बसले. मोबाइल खिशात घालून कुठेही हिंडता येतं हे त्यांना ठाऊक होतं. पण पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कचेरीचं काम हिंडत करणं पटत नाही. फोन वाजला. पडद्यावर मुलाचं नाव होतं. अनंत रॉटरडॅमहून बोलत होता, तीन आठवड्यांनी.

"बाबा, म्हटलं जरा निवांत बोलू..."

"नंतर कर. आत्ता मी कामात आहे," असं म्हणून खांबेट्यांनी फोन ठेवला. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बापाला कसलं काम लागलं असेल, याचा विचार करत अनंत तिकडे ऑफिसला गेला असेल.

हे काम जूनमध्ये आपण होऊन चालत आलं होतं. पाच देशांनी मिळून दुष्काळावर नजर ठेवायची एक योजना काढली होती. पाऊस किती पडला, जमीन किती सुकली, हे उपग्रहाला वरून दिसतं. पण त्यापायी माणसांच्या घरात काय झालं, हे वरून दिसत नाही. ते फोन करून विचारावं लागतं. विचारण्याचं काम विश्रांतवाडीच्या एका कचेरीतल्या शकू नावाच्या मुलीकडे होतं. समोरच्याचं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, कागदावर छापलंय त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, असा पाचही देशांचा ठराव होता. खांबेट्यांचा बाणाही तोच. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि खरं सांगायचं.

"घरातील किती व्यक्ती स्थलांतरित झाल्या आहेत?" शकूनं पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

"तीन. मुलगा, सून आणि नात."

"कारण? पाणी, चारा की रोजगार?"

"रोजगार."

"पूर्वी दिवसातून किती वेळा चूल पेटत असे? आता किती वेळा?"

"पूर्वी दोनदा. आता एकदा. रात्री मी दूध-पोळी खातो."

"नळाला पाणी किती वेळ येतं?"

"सकाळी पाऊण तास. महापालिकेची मर्जी असेल तर."

"गेल्या वर्षी घरात सण साजरे झाले का?"

पत्नी आनंदीबाई जाऊन चार वर्षं झाली होती. सण त्याच करायच्या. खांबेटे फक्त जेवायचे आणि मीठ कमी आहे म्हणायचे.

"नाही," ते म्हणाले.

"घरातील जनावरं विकली किंवा सोडून दिली का?"

"एक मांजर होती. ती आपण होऊन खालच्या मजल्यावर गेली. आपट्यांकडे."

"म्हणजे चाऱ्याअभावी लिहू का?"

"दुधाअभावी. पण तुमच्याकडे रकाना चाऱ्याचाच असेल, तर तो भरा."

शेजाऱ्यांची मदत होते का, या प्रश्नालाही त्यांनी नाही असंच उत्तर दिलं. दिगंबर आपटे मांजरीच्या प्रकरणापासून त्यांच्याशी बोलत नव्हते. बोलत होते तेव्हाही काही फार गोड बोलत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शकूनं सगळी उत्तरं यंत्रात भरली आणि नकाशावर एक ठिपका लालभडक झाला. ठिपक्यांचा कायदा तिनं तिसऱ्या मंगळवारी खांबेट्यांना समजावून सांगितला. छापील प्रश्न संपले की ती आपल्या बोलीवर यायची.

"काका, तुमचं लाल हाय म्हणून दर मंगळवारी फोन येतो. पिवळ्यांना महिन्यानं."

"आणि हिरव्यांना?"

"वरसातनं एकदा. त्यांना काय होतंय?"

फोन ठेवल्यावर खांबेट्यांनी खुर्ची जागेवर सरकवली. आपलं लाल आहे याचं वाईट वाटायला हवं होतं, पण आतून बरं वाटत होतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा आणि बँकेतही आता यंत्रच पैसे देत होतं.

आठव्या मंगळवारी शकूचा आवाज जरा दबलेला वाटला. "काका, पत्ता द्यावा लागंल. सलग दोन महिने लाल राहिलं की पाच देशांची मानसं मदत घेऊन येत्यात."

खांबेट्यांनी पत्ता सांगितला.

"शनिवार पेठ? शनिवारवाड्यापाशी हाय ती?"

"तुम्ही जे विचारलंत ते मी सांगितलं."

"माझ्या कागदावर नवल लिहायला जागा न्हाई," शकू म्हणाली आणि पत्ता पुढे गेला.

पाहुणे येणार म्हटल्यावर खांबेटे हबकले. चार वर्षांत त्या घरात दुसरं पान वाढलं गेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मसालेभाताची रंगीत तालीम केली. तो तळाला लागला, पण चूल दोनदा पेटली. ताटं दोनच निघाली, तेव्हा मान खाली घालून ते खाली आपट्यांकडे गेले.

"सहा ताटं हवी होती. उद्या पाहुणे आहेत."

"तुमच्याकडे?" आपट्यांनी विचारलं, आणि ताटं काढून दिली. मोजून.

दुसऱ्या दिवशी श्रावणातल्या भुरभुर पावसात पाण्याचा एक टँकर शनिवार पेठेच्या बोळात शिरला आणि तिथेच अडकला. त्याच्या मागे कडब्यानं भरलेला टेंपो आणि त्याच्या मागे पाहुण्यांची जीप. टँकरवाला छत्री उघडून खाली उतरला. "पाणी कुठं सोडू?" असं त्यानं वरून पडणाऱ्या पाण्यात उभं राहून विचारलं.

आपटे गॅलरीत आले. "खांबेटे, कडबा आला. आता गुरं जिन्यात बांधणार का?"

जीपमधून केनियाच्या वांजिरूबाई, स्पेनचे एक उंच गृहस्थ, जिल्ह्याचे अधिकारी सर्जेराव आणि शकू असे चौघं उतरले. सर्जेरावांनी इमारत पाहिली, पाऊस पाहिला आणि कपाळाला हात लावला. जागच्या जागी दोन फोन केल्यावर उलगडा झाला. खांबेट्यांना कंपनीनं दिलेला मोबाइलचा नंबर आधी लोणी काळभोरच्या गेनबांचा होता. शेतकऱ्यांच्या यादीत तो तसाच राहिला होता. गेनबांच्या रानात ऊस डुलत होता.

"तुम्ही सांगायचं नाही का, की तुम्ही शेतकरी नाही?" सर्जेराव म्हणाले.

"कोणी विचारलं नाही," खांबेटे म्हणाले. "पानं वाढली आहेत, भात निवतोय."

सगळे जेवले. बोळ तुंबल्याची तक्रार करायला वर आलेले आपटेही सहाव्या पानावर बसले आणि त्यांच्या मागोमाग आलेली मांजर दुधाच्या पातेल्याशी बसली. वांजिरूबाईंनी भात दोनदा घेतला. खांबेट्यांना खूप वर्षांनी वाढता वाढता घाम आला. तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

हात धुतल्यावर वांजिरूबाईंनी कागद काढला. चूक नंबराची असली तरी ठिपका लाल होता, आणि प्रश्न विचारल्याशिवाय ठिपका मिटवायचा नाही असा ठराव होता. प्रश्न गेल्या सात दिवसांपुरतेच होते. शकू वाचू लागली.

"चूल किती वेळा पेटली?"

"काल दोनदा. आजही दोनदा पेटेल, भात संपला."

"शेजाऱ्यांची मदत झाली का?"

"ताटं दिली. सहा."

"जनावरं?"

सगळ्यांनी मांजरीकडे पाहिलं. "परत आलं," खांबेटे म्हणाले.

शेवटच्या प्रश्नाला शकूचा आवाज अडखळला. "मागील पाहणीपेक्षा घरातली परिस्थिती... काका, जरा इचार करून सांगा. घाई न्हाई."

ती काय सुचवते आहे हे खांबेट्यांच्या ध्यानात आलं. एक शब्द वेगळा बोलले असते, तर पुढचे सगळे मंगळवार शाबूत राहिले असते. त्यांनी भरल्या घराकडे पाहिलं. आपटे मोठ्यानं ढेकर देऊन स्पेनच्या गृहस्थांना मांजरीची वंशावळ मराठीतून सांगत होते.

"सुधारली आहे," खांबेटे म्हणाले.

ठिपका हिरवा झाला. इतक्या झटपट सुधारणा पाचही देशांत कुठे झाली नव्हती, म्हणून वांजिरूबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. स्पेनच्या गृहस्थांनी फोटो काढला. आपटे आपली ताटं मोजून घेऊन मांजरीसह खाली गेले, टँकर तासाभरानं मागे मागे जात बोळाबाहेर निघाला. शकू जिन्यात जराशी रेंगाळली.

"पुढचा फोन आता पुढल्या वरसी, हिरव्यांच्या पाहणीला, जूनमदी, काका. दोन तारखेला. सकाळी अकराला."

"बरं," खांबेटे म्हणाले.

संध्याकाळी ते अप्पा बळवंत चौकात गेले आणि एका दुकानात पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मागितलं. दुकानदारानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून गणपती बसायचेत, आजोबा. आधी हे वर्ष तर संपू द्या."

"तेच संपत नाहीये," खांबेटे म्हणाले.