मृगाच्या म्हशीची आणि भुईचाफ्याची हकीकत

श्रीमेघराज प्रसन्न. श्रीमृत्तिका सहाय. शके सतराशे अठ्ठेचाळीस, व्ययनाम संवत्सरे, वैशाख मासींचें वर्तमान ऐसें जे, या राज्याचा दरारा पंचमहाभूतांवर होता. सरकारचे हुकुमाखेरीज वारा वाहत नसे, आणि सरकारचे परवानगीवांचोन पाऊस पडत नसे. अलीकडे परवानगी देऊनही पडत नसे, इतकेंच.

राजवाड्याचे बागेस हैबतराव म्हणोन दरोगे होते. नांव हैबत, परंतु पान हाललें तरी दचकत. मागील पावसाळ्यांत गादीच्या धनी आईसाहेबांनीं आज्ञा केली जे, "दर सालीं नवीं रोपें आणि दर सालीं तीच रड. एकदां लाविलें म्हणजे आमचे माघारीं देखील फुलेल ऐसें कांहीं लावा." मग हैबतरावांनीं भुईचाफ्याचे कंद लाविले आणि भरीस पडोन शब्द दिला जे, "मृगास फूल दाखवीन, सरकार. न दाखविल्यास पागोटें पायांशीं ठेवीन." आतां भुईचाफ्याची रीत ऐसी कीं, हिवाळ्यांत पानें वाळोन जातात, उन्हाळ्यांत वर कांहींएक दिसत नाहीं, आणि पाण्याची चाहूल लागली म्हणजे पानांआधीं फूलच भुईंतून डोकें काढितें. ही रीत हैबतरावांस ठाऊक आणि कंदांस ठाऊक. दिवाण येसोपंतांस मात्र उघडी माती दिसली. पंत बोलिले, "दरोगे, धूळ बरीक झकास लाविली आहे. मृगास फुलली नाहीं, तर येथें आमचे घोड्यांचा तबेला."

तेव्हांपासोन हैबतरावांचा डोळा लागेना. खणोन पाहावें तर अंकुर मोडावा, न पाहावें तर जीव राहीना. मग पावसाचा ठाव घेत हिंडों लागले. कावळ्यानें घरटें बाभळीचे शेंड्यावर बांधिलें, तें अवर्षणाचें लक्षण. टिटवीनें अंडीं नदीचे कोरडे पात्रांत घातलीं, तें त्याहून वाईट. मुंग्या रांगेनें निघाल्या तेव्हां परम हर्ष जाहला, आणि मागोमाग जाऊन पाहतां त्या मुदपाकखान्यांत गुळाकडे निघाल्या होत्या. शेवटीं घरीं येऊन कुटुंबास पुसावें, कारण गोदूबाईंचा गुडघा पावसाआधीं दुखे, आणि त्या गुडघ्याचा शब्द आजवर खालीं पडला नव्हता. "आज कसा आहे?" "बरा आहे." "अगदींच बरा? किंचित ठणका तरी?" "अहो, तुमचे बागेपायीं आतांपासोन कण्हूं काय? दुखेल तेव्हां सांगेन." बायकोचा गुडघा बरा म्हणोन दादला इतका कष्टी जाहल्याचें दुसरें उदाहरण दप्तरीं नाहीं.

मग दरबार भरला आणि जोशीबोवांनीं पंचांग वाचिलें जे, "यंदा मृगाचें वाहन म्हैस. पाऊस मुबलक." येसोपंत विचारांत पडले आणि बोलिले, "गुदस्तां वाहन घोडा होता. आपण पाठविला नाहीं, आणि पाऊस आला नाहीं. म्हैस हजर पाहिजे." जोशीबोवा म्हणाले, "पंत, तें नुसतें बोलण्याचें वाहन." पंत म्हणाले, "मग पाऊस काय पायीं येणार?" यावर जोशीबोवांनीं पंचांग मिटोन काखेस मारिलें. लागलीच एक थोर म्हैस आणिली, झूल घातली, कपाळीं मळवट भरिला, आणि राजवाड्यांत रिकामी जागा एकच होती तेथें बांधिली. हैबतराव धांवत आले, "पंत, खालीं झाडें आहेत." "दिसत नाहींत." "निजलीं आहेत." "मग म्हशीची अडचण त्यांस होणार नाहीं." पुढें म्हैस उन्हानें धापा टाकूं लागली, आणि वाहन बिघडल्यास स्वारी खोळंबेल म्हणोन भिस्ती सकाळ-सायंकाळ तिजवर पाण्याच्या पखाली रित्या करूं लागले, आणि म्हैस संतोष पावोन चिखलांत बसली. ती कूस बदले तसे कुंपणाशीं उभे हैबतराव खालचे कंद बोटांवर मोजीत.

मृग लागला. आकाश कोरडें ठणठणीत. आईसाहेबांची स्वारी बागेंत आली, आणि हैबतरावांनीं पागोटें काढोन हातीं घेतलें, आणि वांकतात तों म्हशीचे शेपटाशीं एक पांढरें-जांभळें फूल, मग पोटाशीं दुसरें, मग शिंगाखालीं जोडी. कंदांनीं पखालीलाच पाऊस मानिलें होतें. हैबतरावांनीं पागोटें पुन्हां डोईस घातलें. येसोपंतांनीं तात्काळ डंका पिटविला जे, फुलें आलीं त्याअर्थी पाऊस आला. प्रजेनें इरलीं घेऊन हिंडावें, आणि ज्यांस भिजल्याचें कळलें नाहीं त्यांनीं समजोन घ्यावें. रणरणत्या उन्हांत सारें शहर इरलीं पांघरोन फिरूं लागलें. हैबतरावांनीं घरीं विचारणा केली. गुडघा अजून बरा होता.

आईसाहेब प्रसन्न होऊन बोलिल्या, "हैबतराव, शब्द राखिला. मागा. गांव मागा, पालखी मागा." एवंच, व्ययनाम संवत्सरीं पाऊस कागदीं पडला, पंत खरे ठरले, तबेला टळला, आणि दिवाण येवोत कीं जावोत, दर सालीं आपलें आपण उठणारें असें एक फूल या राज्यांत निघालें. हैबतरावांनीं हात जोडोन अर्ज केला, "सरकार, म्हैस तेवढी उठवावी. मधले कंद तिचे खालीं आहेत."