आईसाठी बंदूक बघायला गेलो

बंदुकीतलं मला कळतं. आमच्या केंटकीच्या डोंगरात हे प्रत्येकच पुरुष म्हणतो, पण मी जरा मोठ्यानं म्हणतो.

त्यामुळे आईसाठी बंदूक घ्यायचं ठरलं तेव्हा ते काम माझ्याकडेच आलं. वडील जानेवारीत गेले. आमची आई, वेल्डा, चौऱ्याहत्तर वर्षांची, दरीच्या टोकाच्या घरात एकटी राहिली. थोरली बहीण लोरीन शहरातून रोज फोन करायची. घर विकून टाकू, आईला मी घेऊन जाते, असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, मी इथून हलणार नाही. शेवटी तह झाला, की ईस्टरपर्यंत आईकडे तिला झेपेल अशी बंदूक आली तर आई तिथंच राहील, नाहीतर लोरीन सामानाचा ट्रक घेऊन दारात हजर. घरात वडिलांची शिकारीची रायफल होती म्हणा, पण ती उभी केली की आईपेक्षा तीच उंच वाटायची.

माझा हिशोब सरळ होता. लहानखुऱ्या बाईला लहानखुरं पिस्तूल, पर्समध्ये मावेल असं आणि खिशाला परवडेल असं.

ऑरन टॅकेटच्या दुकानात एका भिंतीला मासे धरायचे गळ आणि दुसरीला बंदुका. ऑरन आमच्या चर्चचा कारभारीही आहे. त्यानं मी सांगितलेलं पिस्तूल काचेवर ठेवलं. त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. आईच्या संधिवाताच्या बोटांनी तो तसूभरही हलेना. युक्ती लागते, असं म्हणून मी दाखवायला गेलो आणि माझाच अंगठा चिमटला! ऑरन शांतपणे म्हणाला, की पिस्तूल जितकं लहान, तितकी त्याची स्प्रिंग ताठ आणि धक्का मोठा. हे मला माहीत होतं, असं मी अंगठा चोखत सांगितलं.

मग रिव्हॉल्व्हर निघालं. त्याचा चाप आईला दोन्ही हातांनीही दाबेना. शेवटी ऑरननं एक जुनी, आखूड दस्त्याची शॉटगन काढली. पोरासोरांना शिकवायला बनवलेली, हलकी, आणि दुकानात सगळ्यात स्वस्त. आईनं ती खांद्याला लावली, खाली ठेवली आणि कडू औषध घ्यावं तशा आवाजात म्हणाली, "ही चालेल."

फॉर्म भरला. घेणाऱ्याच्या नावावर गुन्हा नाही ना, या नेहमीच्या चौकशीसाठी ऑरननं सरकारी कचेरीत फोन लावला. पाच मिनिटांचं काम. पण उत्तर आलं, की थांबा, तीन दिवस लागतील. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना बायबल शिकवलेली बाई, आणि तिची चौकशी अडली! आईपेक्षा ऑरनच ओशाळला. त्या भरात त्यानं तिचं नाव प्रार्थनेच्या साखळीत घातलं.

ही साखळी म्हणजे आमच्या चर्चची फोनाफोनी. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ज्याच्यावर संकट आहे त्याच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची. ऑरननं एवढंच सांगितलं होतं, की वेल्डाबाई एकट्या आहेत, बंदूक घ्यायची वेळ आली, प्रार्थना करा. पाचव्या घरी पोचेतो कुणीतरी त्यांच्या घराभोवती फिरत होतं. बाराव्या घरी तो माणूस तुरुंगातून सुटून आला होता. विसाव्या घरी कुणीतरी डोकं लढवलं, की बाई दुकानात आल्या तेव्हा सोबत होतं कोण? सोबत होतो मी, म्हणजे घर विकायला आईला घाबरवणाराही मीच, असं ठरलं.

शनिवारी दुपारी मी आईकडे गेलो तर ओसरीवर अकरा माणसं. चौघांच्या मांडीवर बंदुका, बाकीच्यांच्या मांडीवर झाकलेली जेवणाची भांडी. समोरच्या घरातला ऐंशी वर्षांचा हर्शेल प्रूइट उठून पायरीवर आडवा उभा राहिला.

"डॅरेल, तिथंच थांब बाबा. वेल्डाचं घर आम्ही विकू देणार नाही."

"मी नाही विकत, लोरीन विकतेय," मी म्हणालो. सख्ख्या बहिणीचं नाव सांगायला मला एक क्षणही लागला नाही.

आई आतून आली आणि म्हणाली, येऊ द्या त्याला. मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो. मला लाज वाटत होती. एवढी भीती वाटत होती तर सांगायचंस ना, असं मी म्हटलं.

"तुम्ही दोघांनी मला बंदूक कुठली हवी ते विचारलंत," ती म्हणाली. "भीती कसली वाटते, ते कुणी विचारलं नाही."

"कसली वाटते?"

"पाच वाजायची. रोज पाचला तुझ्या वडिलांचा ट्रक यायचा. आता पाच वाजतात आणि काहीच येत नाही."

हर्शेलनं बंदूक भिंतीला टेकवली आणि टोपी काढली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

लोरीनला मी फोनवर हे सांगितलं. सामानाच्या ट्रकचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. सोमवारी मंजुरी आली आणि शॉटगन घरी आली. शब्द दिला होता म्हणून आईनं ती घेतली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली.

आता कामावरून सुटलो की मी रोज पाचला तिच्याकडे जातो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "येताना वळणावर हॉर्न वाजवत जा."

मी म्हटलं, "का? चोर समजून गोळी घालशील म्हणून?"

"नाही रे. ते हॉर्न वाजवायचे, तेव्हा मी मक्याचा पाव ओव्हनमध्ये टाकायचे. ताटावर बसेतो गरम मिळतो."

म्हणून मी हॉर्न वाजवतो. आईची भीती बरीच कमी झाली आहे. माझं पोट मात्र स्टिअरिंगला टेकायला लागलंय, आणि त्याला काय करायचं ते ऑरनलाही माहीत नाही.